लेकराच्या कानाचा वाफसा



गेल्या आठवड्यात आपण हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी बोललो. सध्या सेलू तालुक्यात सोयाबीनची मळणी चालू आहे, कापसाची पहिली वेचणी घरात येते आहे आणि रब्बीसाठी रान तयार होते आहे. अशा घाईच्या दिवसांत मी आज पिकाविषयी न लिहिता कानाविषयी लिहिणार आहे. “साहेबांना काय झालं?” असे कोणी म्हणेल. पण वाचून झाल्यावर तुम्हालाही पटेल की हा विषय शेतीपासून फार दूरचा नाही. त्यातही वेळेवर पेरण्याचीच गोष्ट आहे.

आधी माझी एक चूक सांगतो.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका गावात कापसावरील किडींची पाहणी करायला गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही. पाहणी संपल्यावर एका शेतकऱ्याच्या ओसरीवर चहाला बसलो. त्यांची दीड वर्षाची मुलगी अंगणात खेळत होती. मोठी चपळ, डोळे टपोरे. तिची आई दारातून म्हणाली, “साहेब, आमचं लेकरू अजून काहीच बोलंना. हाक मारली तरी बघत नाही. दवाखान्यात दाखवावं का?”

मी हसून म्हणालो, “काही काळजी करू नका. काही लेकरं उशिरा बोलतात. आमच्या घरीही एक जण तीन वर्षांनी बोलला.”

एवढेच बोललो, चहा घेतला आणि निघालो. मी बी.एस्सी. कृषी शिकलेला माणूस. कानाचे मला ओ की ठो कळत नव्हते. पण त्या घरात माझ्या शब्दाला वजन होते. मी सांगितलेले बियाणे ते पेरत होते, मी सांगितलेले औषध फवारत होते. मी सांगितले, “काळजी करू नका,” आणि त्यांनी काळजी सोडली.

ती मुलगी शाळेत नाव घालायच्या वयाची झाली तेव्हा तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते, आणि तेही जन्मापासून. यंत्र लावले, पण बोलणे शिकायचा सोन्यासारखा काळ निघून गेला होता. कॉक्लिअर इम्प्लांट त्या काळी आपल्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हते हे खरे. पण दीड वर्षाची असताना साधे श्रवणयंत्र आणि शिकवणी सुरू झाली असती, तर काही ना काही हाती लागले असते. पुढे ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकली, खुणांची भाषा शिकली. आज ती शिवणकाम करून स्वतःच्या पायावर उभी आहे. तिचे वडील मला अजून भेटतात. एकदा सहज बोलता बोलता म्हणाले, “तुम्ही म्हणाले होते ना साहेब, म्हणून आम्ही निश्चिंत होतो.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

म्हणून आज हा लेख.

मुके कोण असते?

आपल्याकडे अशा मुलाला ‘मुके’ म्हणायची पद्धत आहे. पण बहुतेक मुक्या मुलांच्या घशात, जिभेत काहीही दोष नसतो. ती ऐकू शकत नाहीत म्हणून बोलू शकत नाहीत. बोलणे हे ऐकून शिकायचे असते. सेलूचे लेकरू मराठी बोलते आणि हैदराबादचे तेलुगू, ते कानामुळे. कानात शब्द पडलेच नाहीत तर तोंडातून येणार कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

इथेच वाफशाचा प्रश्न येतो. वाफसा म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. रान फार ओले असताना पेरणी साधत नाही, आणि वाफसा उडून गेल्यावर कितीही भारी बियाणे टाकले तरी उगवण विरळ होते. लेकराच्या मेंदूचेही तसेच आहे. मेंदूचा जो भाग आवाज ओळखतो, तो पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत जास्त शिकतो. त्या काळात कानाकडून काहीच आले नाही तर तो भाग दुसऱ्या कामाला जुंपला जातो, विशेषतः डोळ्यांच्या. पडीक राहिलेल्या रानात दुसरे काही उगवावे तसे. मग सहाव्या, आठव्या वर्षी आवाज पोहोचवला, तरी मेंदूला त्याचा अर्थ लावणे फार कठीण जाते.

म्हणून तज्ज्ञांनी एक सोपे वेळापत्रक दिले आहे. पहिल्या महिन्यात कानाची चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात. एक, तीन, सहा. हे आकडे पेरणीच्या तारखेसारखे लक्षात ठेवा.

थाळी वाजवून कळत नाही

घरोघरी एक परीक्षा केली जाते. लेकराच्या मागे थाळी वाजवायची. दचकले तर ऐकू येते. ही परीक्षा फसवी आहे. थाळीचा दणका जमिनीतून, बाजेतून लेकराच्या अंगाला जाणवतो. आईची सावली हलली तरी ते वळते. शिवाय काही मुलांना थाळी, फटाका, ट्रॅक्टर असे मोठे आवाज थोडे ऐकू येतात, पण बोलणे ऐकू येत नाही. आई-वडील म्हणतात, “ट्रॅक्टर आला की पळत जातंय की!”

दुसरी फसगत अशी की पूर्ण बहिरे लेकरूही पहिले काही महिने इतर लेकरांसारखेच हुंकार देते, ‘आ’, ‘ऊ’ करते, हसते, रडते. मग सहाव्या-आठव्या महिन्यानंतर त्याचे आवाज हळूहळू कमी होतात. घरच्यांना वाटते, लेकरू शहाणे झाले, गप्प राहायला लागले.

तेव्हा या खुणा पाहा. तान्हे लेकरू मोठ्या आवाजाने दचकत नाही. सहा महिन्यांचे झाले तरी आईच्या आवाजाकडे मान वळवत नाही. वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर पाहत नाही, ‘आई’, ‘बाबा’ असा एखादाही शब्द नाही. दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही. यांपैकी एकही खूण दिसली तर वाट पाहू नका. घरातले वडीलधारे म्हणतील, “आमच्यात सगळे उशिराच बोलतात.” त्यांचा मान ठेवा, पण तपासणी करा. ऐकू येत असेल तर तपासणीने काही बिघडत नाही.

तपासणीला इंजेक्शन नाही, चिरफाड नाही. एका परीक्षेत कानात छोटी नळी ठेवून कान आवाजाला कसा प्रतिसाद देतो ते यंत्र पाहते. दुसरीला ‘बेरा’ म्हणतात. लेकरू झोपलेले असताना डोक्याला बिल्ले चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि तो आवाज मज्जातंतूमधून मेंदूपर्यंत पोहोचतो का हे कागदावर उमटते. माती परीक्षणाचा अहवाल येतो, तसा कानाचा अहवाल येतो. नुसत्या नजरेने जमिनीतला नत्र-स्फुरद कळत नाही आणि नुसत्या थाळीने कान कळत नाही.

कानाच्या आत काय आहे?

आवाज पडद्यावर आदळतो. पडद्यामागे तीन इवलीशी हाडे असतात, ती हादरा पुढे ढकलतात. त्यांच्या पुढे असतो शंख. यालाच इंग्रजीत कॉक्लिआ म्हणतात. तुमच्या सोयाबीनवर पडणारी शंखी गोगलगाय डोळ्यांसमोर आणा. तिच्या शंखासारखाच अडीच वेढ्यांचा, पण वाटाण्याएवढा हा अवयव आहे. त्यात पाणी भरलेले असते आणि त्या पाण्यात सूक्ष्म केसांच्या पेशींच्या रांगा असतात. एका कानात साधारण पंधरा हजार. हादऱ्याने पाणी हलते, केस लवतात आणि विजेचा बारीक संदेश मज्जातंतूमार्गे मेंदूकडे जातो.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्वारी कापली तर खोडवा फुटतो, पण या पिकाला खोडवा नाही. जन्माला येताना जेवढे मिळाले तेवढेच जन्मभर पुरवायचे.

साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. ज्या पेशी शिल्लक आहेत त्यांना त्याचा उपयोग होतो. पण पेशी जवळजवळ संपल्याच असतील तर आवाज कितीही मोठा केला तरी व्यर्थ. आपल्या निम्न दुधना धरणाचेच उदाहरण घ्या. धरणात पाणी आहे, शिवारात पीक उभे आहे, पण मधली चारी फुटली आहे. धरणातून जास्त पाणी सोडून काय उपयोग? तिथे चारीला वळसा घालून थेट पाइपलाइन टाकावी लागते. कॉक्लिअर इम्प्लांट ही ती पाइपलाइन.

त्याचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग कानामागे बसतो. तो आवाज पकडतो, त्याचे संदेशात रूपांतर करतो आणि एका गोल चकतीतून आत पाठवतो. ही चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटून राहते. आतला भाग शस्त्रक्रिया करून कानामागच्या कातडीखाली बसवतात. त्यातून एक अतिशय बारीक तार निघते आणि शंखाच्या आत जाते. या तारेवर बनावटीनुसार बारा ते बावीस बिंदू असतात. ठिबकच्या नळीवर जसे ठरावीक अंतरावर ड्रीपर असतात, तसेच. प्रत्येक बिंदू शंखाच्या त्या-त्या जागी विजेचा थेंब सोडतो. मेलेल्या पेशींना वळसा घालून तो थेट मज्जातंतूला जागा करतो. शंखाच्या तोंडाशी उंच, चिरके स्वर आणि आतल्या टोकाला जाड, ढाले स्वर अशी निसर्गाने वाटणी केलेली आहे, म्हणून एका बिंदूने भागत नाही.

गवताच्या पात्याची गोष्ट

असे अनेक बिंदूंचे यंत्र घडविणाऱ्यांपैकी एक म्हणजे ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे डॉक्टर ग्रॅम क्लार्क. त्यांचे वडील औषधांचे दुकान चालवीत आणि त्यांना कमी ऐकू येई. गिऱ्हाईक हळू आवाजात काही सांगे, वडिलांना ते ऐकू येत नसे, मग सगळ्यांसमोर मोठ्याने बोलावे लागे. हे मुलाने लहानपणापासून पाहिले आणि पुढे कानाचाच ध्यास घेतला.

त्यांची अडचण एकच होती. इतकी नाजूक तार अडीच वेढ्यांच्या शंखात घालायची कशी? मऊ तार दुमडायची, ताठ तार आतली भिंत फाडायची. १९७७ साली ते समुद्रकाठी गेले असता त्यांनी वाळूवरचा एक शंख उचलला आणि सहज गवताची पाती त्यात सरकवून पाहिली. जे पाते बुडाशी ताठ आणि शेंड्याकडे लवचीक होते ते वळत वळत आत गेले. त्यांना उत्तर मिळाले. तार तशीच करायची, बुडाशी ताठ आणि टोकाला मऊ. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी अपघातात ऐकू येणे गमावलेल्या रॉड सॉन्डर्स या गृहस्थांवर ही शस्त्रक्रिया केली. त्याआधी पॅरिसमध्ये १९५७ साली आणि अमेरिकेत १९६१ साली एका तारेचे प्रयत्न झाले होते, आणि व्हिएन्नातही १९७७ साली अनेक बिंदूंचे यंत्र बसवले गेले होते. पण गवताच्या पात्याची गोष्ट मला फार आवडते. आपण रोज बांधावर गवत पाहतो, नाही काय?

आता थोडे पुढचे. पूर्वी अशी समजूत होती की तार आत गेली की त्या कानात उरलेसुरले नैसर्गिक ऐकणे संपले. आज तसे धरून चालत नाहीत. तारा अधिक बारीक झाल्या, शल्यवैद्य त्या सावकाश सरकवतात आणि सूज येऊ नये म्हणून औषध देतात. काही रुग्णांना जाड स्वर ऐकू येतात, बारीक येत नाहीत. अशांच्या एकाच कानात जाड स्वरांसाठी श्रवणयंत्र आणि बारीक स्वरांसाठी इम्प्लांट असे दोन्ही वापरण्याची पद्धत १९९९ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथून पुढे आली. शिल्लक ऐकणे टिकेलच अशी हमी कोणी देत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “जे थोडे ऐकू येते ते वाचवायचा प्रयत्न कराल ना?” हे विचारण्यात संकोच नको.

दुसरी गोष्ट

दोनेक वर्षांपूर्वी अशाच मळणीच्या दिवसांत मी एका खळ्यावर होतो. मळणी यंत्र धडधडत होते, आणि दहा पावलांवर चिंचेखाली एक वर्षाचे लेकरू गाढ झोपले होते. आजी म्हणाली, “कसं शहाणं लेकरू आहे माझं, एवढ्या आवाजात झोपतंय.”

माझ्या पोटात गोळा आला. यंत्र बंद केले, लेकरू उठल्यावर मागून हाका मारून पाहिल्या. आजोबा म्हणाले, “पोरगं उशिरा ऐकंल, उशिरा बोलंल. त्याचा बाप बी तसाच होता.” मी म्हणालो, “दादा, एकदा मी असं म्हणून एका लेकराचं नुकसान केलंय. या वेळी म्हणणार नाही.” त्याच आठवड्यात आम्ही सेलूहून रेल्वेने परभणीला जिल्हा रुग्णालयात गेलो. तिथून पुढची चिठ्ठी मिळाली, मोठ्या शहरात ‘बेरा’ झाली. आधी काही महिने श्रवणयंत्र लावून पाहिले. उपयोग होईना, तेव्हा इम्प्लांट ठरले.

घरी सर्वांत मोठी भीती होती, “मेंदूचं ऑपरेशन आहे म्हणे.” तसे नाही. ते कानामागच्या हाडातून होते, मेंदूला हात लागत नाही. भूल देऊन दोन-तीन तासांचे काम. कोणत्याही शस्त्रक्रियेत असतो तसा थोडा धोका असतो, तो डॉक्टरांकडून समजून घ्यावा. मेंदूज्वराविरुद्धची लस मात्र आधी द्यावीच लागते, ती चुकवू नका.

शस्त्रक्रिया झाली आणि लगेच लेकरू ऐकू लागले, असे होत नाही. जखम भरल्यावर दोन-चार आठवड्यांनी बाहेरचे यंत्र जोडून सुरू करतात. आमचे लेकरू त्या क्षणी घाबरून रडले. आयुष्यात प्रथमच आवाज आला होता, आणि तोही आपल्याला येतो तसा गोड नव्हे. खरखरीत, यंत्रासारखा. मेंदूला त्याची सवय व्हावी लागते. त्यानंतर यंत्राची जुळणी करायला अनेक फेऱ्या माराव्या लागतात आणि रोज घरी शिकवणी घ्यावी लागते. पेरले म्हणजे पिकले असे कधी होते का? निंदणी, खुरपणी, राखण सगळे पुढेच असते.

त्या घरात ही राखण आजीने केली. भाकरी थापताना, शेळीला चारा घालताना ती लेकराशी बोलत राहायची. “ही बघ भाकर. गरम भाकर. फू फू.” आईने रोजचा अर्धा तास ठरवून घेतला. पाच-सहा महिने काहीच दिसेना. आजोबा म्हणायला लागले, “गेली मेहनत पाण्यात.” मग एके दिवशी खळ्यावर आजीने मागून नुसते “ये” म्हटले, आणि लेकरू वळले. आजोबांनी स्वतः पाहिले. त्यानंतर ते कधी काही म्हणाले नाहीत.

एक गंमतही सांगतो. कापूस घरात आला तेव्हा लेकरू त्या ढिगात लोळले आणि यंत्र हरवले. रात्री सगळे घर कापूस उपसत होते. शेवटी आजीला आठवले की चकतीला लोहचुंबक आहे. तिने खुरपे घेतले आणि ढिगात हळूहळू फिरवले. खट्ट करून चकती खुरप्याला चिकटली!

पैशाचे काय?

हे यंत्र काही लाख रुपयांचे आहे. पण म्हणून खचू नका आणि रान विकायला काढू नका. आधी चौकशी करा. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून जन्मतः बहिऱ्या मुलांना हे यंत्र मिळू शकते. त्यासाठी वयाची व उत्पन्नाची अट आहे. जन्मतः बहिऱ्या लेकरासाठी पाच वर्षांच्या आत हालचाल व्हावी लागते, म्हणजे पुन्हा वाफशाचाच हिशेब. या कामाची मध्यवर्ती संस्था आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईला वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था, स्थापना १९८३.

पण पहिले दार तुमच्या गावातच आहे. ते म्हणजे अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी लेकराला वेचणीला नेऊ नका, अंगणवाडीत न्या आणि पथकाला स्वतःहून सांगा, “हे ऐकत नाही असं वाटतं.” आशाताईंनाही सांगून ठेवा.

आणखी एक खरे सांगतो. शस्त्रक्रियेला मदत मिळते, पण पुढे वायर तुटते, बॅटरी संपते, काही वर्षांनी बाहेरचे यंत्रच बदलावे लागते. तो खर्च घरावर येतो. पैसे नसल्याने यंत्र कपाटात पडून राहिले तर लेकरू पुन्हा बहिरे होते. म्हणून बैलजोडीसाठी वैरण राखून ठेवतो तशी दर सुगीला थोडी रक्कम या यंत्रासाठी बाजूला ठेवा. घामापासून, धुळीपासून, पाण्यापासून यंत्र जपा. आंघोळीला काढून ठेवा. मोठ्या यंत्रात तपासणी, म्हणजे एमआरआय, करायची वेळ आली तर डोक्यात लोहचुंबक आहे हे आधी सांगा.

बहिरेपण टाळता येते का?

पुष्कळदा येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांमधील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळण्याजोगे असतात. काय करावे ते क्रमाने सांगतो.

१) आपल्याकडे मामा-भाची, आते-मामे भावंडे यांची लग्ने होतात. यात कोणाच्या प्रेमाचा, मानाचा प्रश्न नाही. पण एकाच घराण्यात लपलेला दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. बियाण्यात एकाच वाणाचा संकर पुनःपुन्हा केला की लपलेले दोष वर येतात, तसेच हे. घराण्यात कोणी जन्मतः बहिरे असेल तर अशी सोयरीक टाळा.

२) गर्भारपणी रुबेला झाला तर पोटातले बाळ बहिरे होऊ शकते. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायची असते. मुलगे-मुली दोघांनाही द्या.

३) कमी दिवसांचे, कमी वजनाचे, फार पिवळे झालेले किंवा काचेच्या पेटीत ठेवलेले बाळ असेल तर कानाची तपासणी मागून घ्या. मेंदूज्वर होऊन गेल्यावर लगेच तपासणी करा, त्यात उशीर चालत नाही.

४) काही औषधे कानाला बाधतात. पूर्वी क्षयरोगावर दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन हे त्यांतलेच, जेंटामायसिनही. जीव वाचवायला ती लागतात. पण दुकानातून परस्पर इंजेक्शन आणून टोचून घेऊ नका.

५) कान फुटला, पू येतो, तर तेल, लसूण, दूध, कसलाही रस घालू नका. काडी, पिन, चावी घालू नका. डॉक्टरांना दाखवा. विहिरीत पोहायला जाऊ देऊ नका.

६) एका कानाने अचानक, एका-दोन दिवसांत ऐकू येणे बंद झाले तर “मळ असेल” म्हणून बसू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. औषध लवकर सुरू झाले तर ऐकू येणे परत येण्याची आशा जास्त.

आता तुमच्या-माझ्या कानाविषयी

८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे धरतात. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० ला फक्त पाव तास. मळणी यंत्राजवळ, बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर, जिनिंगमध्ये आवाज नव्वदच्या वर सहज जातो. लग्नातल्या डीजेचे तर विचारूच नका. मोजायचे यंत्र नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर तो आवाज कानाला घातक आहे असे समजा. कानात नुसता कापूस घालून भागत नाही. कापसाच्या मुलखात राहूनही हे सांगतो! कानाची बोळी किंवा कानपट्टे वापरा. ती महाग नसतात. मळणीला माणसे आळीपाळीने लावा, आणि तान्ह्या लेकराला खळ्यापासून, डीजेपासून दूर ठेवा.

मी तीस वर्षे मळणी यंत्रांची प्रात्यक्षिके उघड्या कानांनी केली. आज रातकिडे मला ऐकू येत नाहीत, आणि ‘सात’ म्हटले की ‘हात’ ऐकू येते. मी श्रवणयंत्र लावतो. सुरुवातीला लाज वाटली. पण चष्म्याची लाज वाटत नाही तर याची का? घरातल्या म्हाताऱ्यांना ऐकू येईना झाले की आपण त्यांच्याशी बोलणेच कमी करतो. ते कोपऱ्यात गप्प बसतात. त्यांनाही तपासून यंत्र द्या. यंत्राचाही उपयोग होईना तर इम्प्लांट मोठ्या माणसांनाही बसवता येते. त्यांना भाषा आधीच येत असते, म्हणून त्यांना वयाचा वाफसा आड येत नाही.

शेवटी, ज्यांच्या लेकरांचा काळ निघून गेला त्यांना सांगतो. ते लेकरू कमी प्रतीचे नाही. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. आई-वडिलांनीही ती शिकावी. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ सालापासून आहे. तेव्हापासून अशी किती मुले शिकून सावरली, घरदार चालवू लागली. दुधना कोरडी पडली म्हणून आपण शेती सोडत नाही, कोरडवाहूची रीत शिकतो.

तेव्हा एवढे करा. हा अंक वाचून झाला की आज संध्याकाळी आपल्या आळीतली दोन वर्षांच्या आतली लेकरे डोळ्यांसमोर आणा. एखाद्याविषयी शंका आली तर त्याच्या आईला सांगा. आणि कोणी तुम्हाला विचारले, “आमचं लेकरू बोलंना, काय करावं?” तर माझ्यासारखे उत्तर देऊ नका. म्हणा, “उद्याच दाखवून या.”

पुढच्या आठवड्यात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी बोलू. तोवर रामराम.